आबांच्या अंगावरचं कॉस्टिक

किशोरीला लग्न करून आणलं तेव्हा सासरच्यांची तिच्याबद्दल एकच तक्रार होती, ती फार हळू बोलते. आगरी घरात हळू बोलणारी बाई म्हणजे एक तर आजारी, नाही तर मनात काहीतरी ठेवून असलेली. सासू हौसाबाई ओरडून विचारायच्या, "काय बोललीस?" आणि किशोरी तेच वाक्य पुन्हा तितक्याच हळू सांगायची. काही दिवसांनी हौसाबाईंनीच नाद सोडला.

घर पनवेलच्या खाडीकडच्या अंगाला. पूर्वी ते गाव होतं, आता महापालिकेचा वॉर्ड आहे. गावाचं शहर झालं तरी नळाला पाणी एक दिवसाआडच येतं, आणि तेही बारीक धारेनं. त्यामुळे दर घरामागे निळे ड्रम दिसतात. कुठल्या ना कुठल्या कारखान्यातून रिकामे होऊन ते भंगारात येतात, तिथून लोकांच्या मोरीत. कापून, घासून, दोनदा उन्हात टाकून त्यात पाणी भरतात. वास येत नसला की झालं, असं सगळेच धरून चालतात.

सासरा तुळशीराम हा उमेदीची सगळी वर्षं मिठागरात राबलेला माणूस. मिठागर गेलं, तरी मिठानं तळव्यांना पडलेल्या भेगा राहिल्या. सत्तरी गाठली तरी घरात बसायची सवय नाही. सकाळी उठून काहीतरी ठोकणार, बांधणार, दुरुस्त करणार. मुलगा हरेश खारघरच्या एका मोठ्या सोसायटीत इलेक्ट्रिशियन. तो सकाळी गेला की घरात सासरा, सासू आणि सून. सून सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेत नसे, कारण घरात ती गाऊनच घालायची, पण त्याच्या समोर खुर्चीवरही बसत नसे. त्याला ती "आबा" म्हणायची आणि "तुमी" म्हणायची. तो तिला फारसं काही म्हणायचाच नाही. चहा हवा असला की कप ओटीवर आपटायचा.

लग्नाआधी किशोरी माहेरच्या आपटा गावातून नदीपलीकडच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. पांढरी पावडर पिशव्यांत भरायची, पिशव्या शिवायच्या. अधूनमधून सगळ्यांना एका खोलीत बसवून सुरक्षेबद्दल सांगत. पंखा चालू असायचा, जेवण झालेलं असायचं. त्यातलं तिला फारसं काही आठवत नाही, असं ती स्वतःच सांगते. तिला आठवतो तो जीवन.

जीवन हा पलीकडच्या प्लॅंटमधला पोरगेला हेल्पर. एकदा पाइपच्या जोडातून कॉस्टिक त्याच्या बुटात गेलं. कॉस्टिक म्हणजे साबण करायला लागतो तो सोडा, पाण्यात विरघळवलेला, दिसायला पाण्यासारखाच. जीवनला वाटलं, ओलं झालंय, वाळेल. दुखतही नव्हतं फारसं. त्यानं बूट काढला नाही. शिफ्ट संपवून, बस पकडून तो घरी गेला आणि मग बूट काढला. पुढं त्याची दोन बोटं काढावी लागली. तो परत कामावर आला तेव्हा कॅन्टीनमध्ये सगळ्यांना एकच सांगायचा, "बुळबुळीत लागत होतं गं. साबणासारखं. मला काय माहीत, माझंच कातडं विरघळतंय म्हणून."

फेब्रुवारी संपत आला होता. हौसाबाई करंजाला लेकीकडे गेल्या होत्या, येताना सुकी मासळी घेऊन येणार होत्या. हरेश कामावर. तुळशीरामनं आदल्या दिवशी हायवेजवळच्या शिवाच्या भंगारातून एक निळा ड्रम आणून अंगणात उन्हात ठेवला होता. जुना ड्रम तळाशी तडकला होता, म्हणून हा नवा. वरचं लेबल खरवडून काढलेलं, दोन्ही बुचं घट्ट. ड्रम उन्हानं थोडा फुगलाही होता, पण ते नंतर लक्षात आलं.

किशोरी मागच्या दारी कालवणासाठी तिसऱ्यांचे शिंपले धूत बसली होती. पुढच्या अंगणात ड्रमच्या बुचावर हातोडीचे ठोके चालले होते. मग एक फसकन आवाज आला आणि ठोके थांबले. पाठोपाठ तुळशीराम कुणाला तरी शिवी देत असल्याचं ऐकू आलं. शिवी ड्रमला होती.

ती पुढं आली तेव्हा तो उभाच होता. बनियन छातीपासून खाली चिकटलेली, लुंगी मांड्यांना चिकटलेली. एक हात डाव्या डोळ्यावर. ड्रम आडवा पडला होता आणि बुचाच्या भोकातून पाण्यासारखं काहीतरी गळत होतं.

"काय झाला, आबा?"

"काय नाय. साबनाचा पानी हाय आत. डोल्यात गेला थोडा."

तो डोळा चोळत होता. तिनं त्याचा हात धरून खाली ओढला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्याचा हात तिनं त्या दिवशी पहिल्यांदा धरला. हात तिच्या मुठीतून मासळीसारखा निसटला. बुळबुळीत होता.

ती म्हणते की तिनं त्यानंतर काही विचार केला नाही. जीवनचा बूट डोळ्यांसमोर आला, एवढंच.

गच्चीवरच्या टाकीचा एक नळ अंगणात होता. झाडांना पाणी घालायचा पाइप त्याला लावलेला असायचा. तिनं नळ पूर्ण सोडला. पहिलं पाणी उन्हानं तापलेलं होतं, ते तिनं जमिनीवर जाऊ दिलं, आणि गार धार लागताच तुळशीरामला ओट्याच्या कडेला बसवलं. डोकं डावीकडे वाकवायला लावलं, म्हणजे डोळ्यातलं पाणी गालावरून बाहेर पडावं, चांगल्या डोळ्यात जाऊ नये. तो डोळा घट्ट मिटून घेत होता. तिनं दोन बोटांनी पापण्या फाकवल्या आणि नाकाच्या बाजूनं पाणी सोडलं, हलक्या धारेनं.

डोळ्याचं त्यानं सहन केलं, कारण डोळा झोंबत होता. पण तिनं पाइप अंगावर धरून, "बनियन काढा," म्हटलं तेव्हा त्याला ते पटेना.

"भिजलीय ती. वालंल."

"नाय वालनार. आबा, हा कॉस्टिक हाय. कातडी खातो."

"दुखत नाय मला."

"म्हनूनच सांगते."

बनियन डोक्यावरून काढायची नाही, एवढं तिला समजलं, कारण मग ती चेहऱ्यावरून फिरली असती. तिनं खिडकीतून हात घालून शिवणाच्या मशीनवरची कात्री घेतली आणि बनियन पुढून गळ्यापर्यंत उभी कापली. कापताना पाणी चालूच होतं, पाइप तिनं त्याच्या खांद्यावर अडकवून ठेवला होता. बनियन दोन्ही बाजूंनी गळून पडली. छातीवरचे पांढरे केस ओले होऊन चिकटले होते आणि खालची कातडी लालसर दिसत होती. अजून भाजल्यासारखी नव्हती, पण लाल होती.

मग लुंगीचा प्रश्न आला.

तुळशीरामनं लुंगीची गाठ मुठीत धरली. तो म्हणाला, "तू आत जा. मी करतो."

"तुमाला दिसत नाय नीट. पाइप कोन धरनार?"

"हरेशला बोलव."

"हरेश खारघरला हाय, आबा. तो येईस्तोवर पाय राहनार नाय."

"लाज हाय का नाय तुला?"

यावर किशोरी काय म्हणाली ते शेजारच्या गोदूकाकूनं कुंपणावरून ऐकलं. गोदूकाकू तुळशीरामच्या चुलतभावाची, काशिरामची बायको. आवाज ऐकून ती बाहेर आली होती. तिच्या सांगण्यानुसार किशोरी इतक्या मोठ्यानं ओरडली की झाडावरचे कावळे उडाले.

"सोड! सोड बोलते ना ती लुंगी! मरायचा हाय काय तुला?"

गावात पुढं कितीतरी दिवस याच वाक्याची चर्चा झाली. कपडे काढले त्याची नाही तितकी. सासऱ्याला "तू" म्हणाली याची.

तुळशीरामची मूठ सुटली. बहुधा ती आश्चर्यानं सुटली. किशोरीनं लुंगी ओढून काढली, आतली चड्डी कात्रीनं कापली आणि पाइप कमरेखाली धरला. मांड्यांच्या आत, जांघेत, जिथं कापड चिकटून होतं तिथं कातडी पांढरट आणि सुरकुतलेली झाली होती. डोळे मिटून, दोन्ही हात समोर धरून तो ओट्यावर बसला होता.

"अगो, काय करतेस? सासरा हाय तो!" गोदूकाकू कुंपणापलीकडून.

"काकी, चादर आना. आनि एकशेआठला फोन लावा. बोला, कॉस्टिक उडालाय अंगावर. ड्रमजवळून येऊ नका, मागून या."

गोदूकाकू चादर घेऊन आली. बरोबर हळदीचा डबा आणि खोबरेल तेलाची बाटलीही आणली होती. किशोरी म्हणाली, काही लावायचं नाही, नुसतं पाणी. गोदूकाकूला ते काही पटलं नाही, पण तिनं डबा खाली ठेवला. मग तिनं चादरीची दोन टोकं धरून ती अंगणाच्या बाजूला आडवी ताणली आणि तोंड रस्त्याकडे करून उभी राहिली. फोन तिनं खांद्यानं कानाला दाबून धरला होता. पलीकडून बाई विचारत होती ते ती मोठ्यानं सांगत होती, आणि किशोरीचं उत्तर उलट मोठ्यानं फोनवर सांगत होती. पलीकडची बाई म्हणाली, गाडी निघालीय, पण पाणी थांबवू नका, निदान अर्धा तास, जास्त झालं तरी चालेल. घासू नका. लिंबू, व्हिनेगर काही ओतू नका.

पाणी थांबवू नका हे सांगणं सोपं होतं. टाकी आदल्या दिवशी भरली होती, त्यातलं निम्मं पाणी घरकामात गेलं होतं. पाइपची धार बारीक होत गेली, मग थेंब पडले, मग नुसती हवा.

नळाला पाणी दुसऱ्या दिवशी येणार होतं.

गोदूकाकूनं चादर धरलेल्या हातांनीच गल्लीकडे तोंड करून हाक मारली. तिचा आवाज मासळी बाजारात कमावलेला. काशिराम त्यांच्या ड्रममधून दोन बादल्या भरून घेऊन आला. समोरच्या घरातून दोघी बायका कळशा घेऊन आल्या, मागच्या आळीतून आणखी. प्रत्येकीनं आपल्या घरचं उद्याच्या दिवसासाठी ठेवलेलं पाणी आणलं. चादरीपाशी आल्या की कळशी खाली ठेवायच्या आणि तोंड फिरवून परत जायच्या. काशिराम मात्र चादरीच्या आत आला आणि ओतायला लागला. किशोरीनं त्याला सांगितलं, वरून ओता, खाली वाहून जाऊ द्या, आणि त्या वाहत्या पाण्यात उभे राहू नका. त्यानं चपला तिथेच काढल्या होत्या, त्या परत घातल्या आणि ओट्यावर चढून उभा राहिला.

तुळशीरामची मांडी आता दुखू लागली होती. तो कण्हत होता. गोदूकाकू त्याला तोंड न फिरवता सांगत होती, "भावजी, झाला आता, झाला."

ते होत असताना कुणीतरी किशोरीकडे बघून म्हणालं, "तुझे हात बघ." तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. गाऊनची पुढची बाजूही भिजली होती, कारण ती इतका वेळ त्याला चिकटूनच उभी होती. स्वतःच्या कपड्यांचा विचार तिनं केलाच नव्हता. तिनं काशिरामला बादली सोपवली, मागच्या मोरीत गेली आणि गाऊन वरून काढायला लागली. मग थांबली. परत आली, कात्री घेतली, गेली आणि गाऊन उभा कापला. गोदूकाकूच्या सुनेनं दाराबाहेर दोन कळशा ठेवल्या होत्या. तिनं हात, पोट, पाय धुतले. तेवढं पाणी पुरेसं नव्हतं, हे तिला नंतर समजलं. साडी नेसून बाहेर आली आणि काठीनं सगळे कापलेले कपडे उचलून सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत भरले, पिशवीचं तोंड बांधलं. ड्रमभोवती कुणी फिरकू नये म्हणून आडव्या खुर्च्या टाकल्या.

गाडी आली तेव्हा गल्लीतल्या बहुतेक घरांत पाणी संपलं होतं. गाडीतल्या डॉक्टरांनी तुळशीरामला नवीन चादरीत गुंडाळलं, डोळ्यात आणखी पाणी सोडलं, आणि विचारलं, काय उडालं. किशोरीनं सांगितलं. तेही तिनं आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, त्यामुळे त्यांना दोनदा विचारावं लागलं.

हॉस्पिटलमध्ये तुळशीरामच्या डाव्या मांडीवर दुसरीकडची कातडी काढून लावावी लागली. छातीवरची जखम आपोआप भरून आली. डोळ्याच्या एका कडेला पांढरा डाग राहिला, त्या बाजूनं त्याला धुरकट दिसतं. डॉक्टर म्हणाले, डोळा राहिला हेच पुष्कळ. किशोरीच्या दोन्ही हातांवर मनगटाच्या वर काळपट डाग राहिले आहेत.

अग्निशमन दलाचे लोक दुसऱ्या दिवशी येऊन ड्रम घेऊन गेले. अंगण त्यांनी आणखी एकदा धुतलं, टँकर आणून. तुळशीच्या बाजूचं गवत मात्र जळून गेलं होतं.

हौसाबाई करंजाहून थेट हॉस्पिटलात आल्या. गावातून त्यांना फोनवर सगळं कळलं होतं, सांगणाऱ्यांनी आपापल्या परीनं भर घालून. नवऱ्याला बघून त्या बाहेर आल्या आणि किशोरीजवळ बाकावर बसल्या. किशोरीच्या हातांना पट्ट्या होत्या. त्या पट्ट्यांकडे बघत हौसाबाईंनी विचारलं,

"पुरता उघडा केलास?"

"हां."

"सगल्या गावासमोर?"

"चादर धरली होती काकीनी."

हौसाबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "बरा झाला मी नव्हती. माझा ऐकला नसता त्यानं. चालीस वर्षांत कंदी ऐकला नाय." आणि पिशवीतून डबा काढून तिला भरवायला लागल्या, कारण किशोरीला हातांनी खाता येत नव्हतं.

तुळशीराम घरी आला, पण किशोरीशी बोलेना. पूर्वीही तो फारसं बोलत नव्हता, पण आता कपही आपटत नव्हता. पाणी हवं असलं तर हौसाबाईंना सांगायचा. किशोरी ओटीवर आली की भिंतीकडे तोंड करायचा. पट्टी बदलायला हरेश किंवा हौसाबाई. एकदा दोघंही घरात नव्हते आणि पट्टी ओली झाली होती, तर तो तसाच बसून राहिला, संध्याकाळपर्यंत. हरेशनं त्यावरून बापाला सुनावलं. किशोरी म्हणाली, राहू दे. तिला राग आला होता का, असं विचारलं तर ती म्हणते, "राग नव्हता. मलाच त्यांच्यासमोर जायला जड व्हायचं."

हरेश शिवाच्या भंगारात जाऊन भांडून आला होता. शिवा म्हणाला, माझ्याकडचे सगळे ड्रम धुतलेले येतात, तुमचा दुसरीकडचा असेल. यापुढं काही झालं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर तुळशीराम काठी घेऊन चालू लागला. एका सकाळी त्यानं स्वच्छ लुंगी नेसली, दारात उभा राहिला आणि आत हाक मारली, "किशोरी."

ती बाहेर आली. त्यानं नाव घेऊन हाक मारलेली तिला आठवत नव्हती.

"चल. शिवाकडं जाऊ."

"कशाला, आबा?"

"तुला माहीत हाय त्यात काय होता ते. मला नाव सांगता येत नाय."

दोघं रिक्षानं गेली. शिवाच्या अंगणात निळे ड्रम एकावर एक रचलेले होते. नवीन इमारतींच्या कामावरची एक बाई एक ड्रम हलवून बघत होती, तिचा नवरा बुच फिरवत होता. शिवा आत हिशेब करत होता. तुळशीरामला बघून त्यानं पेन खाली ठेवला आणि आवाज चढवायची तयारी केली.

तुळशीरामनं काठी किशोरीच्या हातात दिली, लुंगीचं एक टोक धरलं आणि मांडीपर्यंत वर उचललं. तिथं कातडी चकचकीत, गुलाबी आणि ओढलेली होती, कडेला जाड वळ.

"बघ," तो म्हणाला. "हे बघ. तुझ्या ड्रमातला पानी." मग त्या बाईकडे आणि तिच्या नवऱ्याकडे वळला, तसाच, लुंगी वर धरून. "तुमी पन बघा."

नवऱ्यानं बुचावरचा हात काढला.

किशोरीनं सांगितलं, कॉस्टिक म्हणतात, वास येत नाही, हाताला साबणासारखं लागतं. शिवा म्हणाला, मला माल देणारा धुऊनच देतो म्हणतो, मी काय प्रत्येक ड्रम उघडून बघू? तो खोटं बोलत होता असंही नाही. ते जोडपं ड्रम न घेता गेलं. आता शिवा ड्रम विकताना बुच उघडून, आडवा करून दाखवतो. आत जे उरलेलं असतं ते कुठं ओततो ते कुणी विचारलेलं नाही. गावात घरामागचे निळे ड्रम आहेत तसेच आहेत, कारण पाणी अजून एक दिवसाआडच येतं.

पट्टीची गरज तोवर राहिलीच नव्हती, त्यामुळे तो प्रश्न उरला नाही. त्या दिवसानंतर तुळशीराम भिंतीकडे तोंड करेनासा झाला. बोलतो मात्र थोडंच.

डोळ्याच्या तपासणीला त्याला अधूनमधून जावं लागतं आणि बरोबर किशोरी जाते. बाकावर बसलं की शेजारचा विचारतो, काय झालं डोळ्याला. मग तुळशीराम सुरू होतो. ड्रम कसा फुगला होता, बुच गोळीसारखं कसं उडालं, सगळ्या गावानं आपलं पाणी कसं आणून ओतलं. "सून हाय माझी ही," म्हणून किशोरीकडे बोट दाखवतो. "हिनं पाइप धरला. कंपनीत व्हती ना, हिला माहीत." त्याच्या गोष्टीत तो कॉस्टिक ओळखताच एका झटक्यात बनियन आणि लुंगी काढून फेकतो. स्वतःच्या हातानं. लाज कसली, जीव मोठा, असं तो ऐकणाऱ्याला बजावून सांगतो.

ऐकणारा किशोरीकडे बघतो. किशोरी मान हलवते आणि नंबर आला का ते बघायला उठते.